शेवटच्या ओळीतलं नाव

मंसारामकाका,

परवा तुमच्या शोकसभेत नागपूरच्या साहेबांनी तुम्हाला माफ केलं. तुम्ही असतात तर शिलाई मशीनचं चाक हाताने थांबवून विचारलं असतं, "कायची माफी जी?" मी तिथे होते आणि विचारलं नाही. म्हणून हे लिहिते आहे, छापायला देण्यासाठी.

सभा ग्रामपंचायतीसमोर होती. तुमचा एकट्याचा फोटो कुठेच सापडला नाही, तेव्हा मंडईत गातानाच्या एका जुन्या फोटोतून तुमचा चेहरा मोठा करून आणला होता. त्यात तुमच्या कानाशी तुमच्या साथीदार श्रावणच्या ढोलकीची कड आली आहे. साहेबांनी फोटोला हार घातला, घड्याळ पाहिलं आणि बोलायला उभे राहिले. म्हणाले, "मंसाराम हे थोर लोककवी लटारूबुवांच्या वाणीचे नम्र वाहक होते. मध्यंतरी त्यांच्या हातून एक मोहाची गोष्ट घडली. कलावंतही शेवटी माणूसच. आज आपण ते सगळं विसरू या, मोठ्या मनाने."

मोठ्या मनाने! सतरंजीवरच्या लोकांनी माना हलवल्या. ज्यांच्या लग्नाचे कोट तुम्ही शिवले, ज्यांच्या मुलांच्या शाळेच्या चड्ड्या तुम्ही शिवल्या, ते सगळे मान हलवत होते. गिरजाकाकू बायकांच्या पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या. मी शेवटच्या रांगेत होते, खांबाच्या मागे, नेहमीसारखी.

शेवटी साहेबांनी जाहीर केलं की त्यांची समिती एक पुस्तक काढणार आहे. लटारूबुवांच्या रचना. तुमच्यामागे गाणाऱ्या झीलकऱ्यांकडून गाणी उतरवून घेणार. सभा संपल्यावर ते माझ्यापाशी आले. "तुम्ही इंग्लिश मीडियमच्या ना? प्रस्तावनेचं इंग्रजी तुम्हीच करून द्या." मी हो म्हटलं. मला नाही म्हणायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात लोक जीपमध्ये बसून निघून जातात.

त्या पुस्तकात लटारूबुवांचं एकही गाणं नसणार, हे त्या मैदानात किती जणांना माहीत होतं? तुम्हाला होतं. पण तुम्ही हारामागे होतात.

मी एकोणऐंशी साली नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून आसगावला परत आले तेव्हा मला कुठलीच भाषा धड येत नव्हती. इंग्रजी ऐकायला इथे कोणी नव्हतं आणि माझं मराठी ऐकून बाबांच्या दुकानात येणाऱ्या बायका तोंडाला पदर लावायच्या. मी तोंड उघडणंच कमी केलं. आमच्या कापडदुकानाच्या ओसरीवर तुमचं मशीन असायचं आणि आतल्या पायरीवर मी पुस्तक घेऊन बसायची. बाकी सगळे माझ्याशी हळूहळू, शब्द तोडून बोलायचे, जणू मी बहिरी आहे. तुम्ही तसं केलं नाहीत. पहिल्याच दिवशी म्हणालात, "विंग्रजी बाई, ते कातर दे इकडं. अन् तोंडाले कुलूप काहून लावून ठेवलं? किल्ली नागपूरलेच राहिली काय?"

मी हसले. त्या घरात परतल्यावर पहिल्यांदा.

तुम्ही गाणं कसं करता हे मला त्या पायरीवरून दिसलं. लोकांना वाटायचं शाहीर माणूस तळ्याच्या पाळीवर जाऊन बसत असेल. तुम्ही पायडलवर गाणं करायचात. कापड सुईखालून सरकत असायचं, पायाचा ठेका चालू असायचा आणि ओठ हलत असायचे. शब्द बसला नाही की पाय थांबायचा. कापड तसंच, सुई तशीच रुतलेली. मग तुम्ही खुणेचा खडू उचलून हाताशी असेल त्या कापडाच्या उलट्या बाजूला दोन शब्द लिहायचात आणि पुन्हा पाय सुरू. हेडमास्तरांच्या कोटाच्या अस्तरात एका गाण्याचं धृपद कित्येक दिवस होतं, त्यांना पत्ता नव्हता.

आणि मग दिवाळीनंतर मंडई. जे आमच्या भागातले नाहीत त्यांच्यासाठी सांगते: धान कापणीला येतं तेव्हा इथे गावोगाव मंडई भरते आणि भर दुपारी खडीगंमत होते. शाहीर डफ घेऊन पुढे उभा, मागे ढोलकी, तुणतुणं, झांज आणि ओळ उचलून धरणारे झीलकरी. समोर दुसरी पार्टी. एकाने गाण्यातून टोला द्यायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच परत करायचा. ओसरीवर वाकून बसलेला शिंपी तिथे उभा राहिला की वीतभर उंच दिसायचा. तुम्हाला उत्तर सुचलं नाही असं मी चार मंडयांत एकदाही पाहिलं नाही.

पण प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या ओळीत तुम्ही ‘म्हणे लटारू’ असं म्हणायचात. मला ते खुपायचं. लटारूबुवा तुमचे गुरू, ते मला माहीत होतं. ते गावात वीज येण्याच्या कितीतरी आधी वारले होते, हेही माहीत होतं. मग विजेच्या मोटारीचं गाणं, एस.टी. न थांबवणाऱ्या कंडक्टरचं गाणं, यांत ते कुठून आले?

"गाणी तुमची, मग नाव त्यांचं का?" मी विचारलं होतं.

"मी शिवलेल्या सदऱ्यावर माहं नाव असते काय? घालणाऱ्याचा सदरा."

"नागपूरला शिंपी कॉलरला आपल्या नावाची पट्टी लावतात."

"हव. अन् ते दिवसभर मानेले टोचते."

ओसरीवर श्रावण बसला होता, राईसमिलमधून जेवणाच्या सुट्टीत आलेला. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मी हट्टाला पेटले. म्हटलं, हा विनोद झाला, उत्तर नाही. तेव्हा तुम्ही पाय थांबवलात.

"हे पाह्य बाई. लटारूबुवानं गाणी केली, त्याच्यात आपल्या गुरूचं नाव घातलं. सोताचं नाही घातलं. मंग बुवाचं नाव कोण घेईन? मी नाही घेतलं त ते बुडलं ना."

"आणि तुमचं?"

"माहं श्रावण घेईन. नाही घेतलं त नाही घेतलं. त्याचा मी काय गळा दाबू?"

"मी घेईन ना जी," श्रावण म्हणाला.

"तू आंधी ढोलकी बरोबर वाजव."

मला ते पटलं नाही. मी शाळेत शिकले होते की पुस्तकावर लेखकाचं नाव असतं, चित्राच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही असते आणि ती नसली तर त्या माणसावर अन्याय होतो. हा वाद आपला कधी संपलाच नाही. मी तो माझ्या पद्धतीने संपवला, तुम्हाला न विचारता.

दुकानात पुड्या बांधायला इंग्रजी वर्तमानपत्रांची रद्दी यायची आणि ती मी वाचून काढायची. त्यात ती जाहिरात होती. कलावंत आणि लेखकांसाठी सरकारी फेलोशिप, दोन वर्षं दरमहा पैसे, जेणेकरून कलावंताला पोटापाण्याच्या कामातून मोकळं होऊन निर्मिती करता यावी. मी ती कापून तुम्हाला वाचून दाखवली. मराठीत सांगताना मला घाम फुटला.

"म्हणजे मशीन सोडाचं?" तुम्ही विचारलंत.

"हो. फक्त गाणी करायची."

"मशीन सोडली त गाणं कशावर करू? टेबलावर?"

आज मला कळतं की त्या सगळ्या योजनेबद्दल याहून शहाणं वाक्य कोणी बोललं नसेल. तिकडे कोणीतरी ठरवलं होतं की कलावंत म्हणजे कामात अडकून पडलेला माणूस, त्याला कामातून सोडवलं की झरा फुटतो. ज्यांना अशी फेलोशिप मिळते त्यांतले एक तर आपण पाहिलेच होते. हेच साहेब. तुमच्या आधी काही वर्षं त्यांना आमच्या झाडीपट्टीच्या लोककलेवर काम करायला ती मिळाली होती. ते तीन दिवस लाखनीच्या विश्रामगृहात राहिले, दुपारी मंडईला आले, खुर्चीत बसले, टेपरेकॉर्डर चालू करून डुलक्या घेतल्या. त्या फितींवरून त्यांनी लटारूबुवांवर प्रबंध लिहिला. विजेच्या मोटारीच्या गाण्याबद्दल त्यात लिहिलं आहे की कवीने वीज येण्यापूर्वीच तिचं आगमन पाहिलं होतं. ही द्रष्ट्याची दृष्टी होय. शेवटच्या ओळीत लटारू म्हणजे कर्ता लटारू. ओसरीवर येऊन एका माणसाला एक प्रश्न विचारला असता तर समजलं असतं. पण प्रश्न विचारायला फेलोशिप लागत नाही, म्हणून त्यांनी विचारला नसेल.

अर्ज इंग्रजीत होता. तुम्ही म्हणालात, "पाच जणायचं एका कागदावर नाही होत काय? मी एकटा काय गाईन?" मी वाचून सांगितलं, व्यक्तीलाच देतात. "मंग त एका झांजेले वाजाले सांगून राहिले हे लोक," तुम्ही म्हणालात. एका रकान्यात पुढच्या दोन वर्षांचा प्रकल्प लिहायचा होता. "काय लिहू?" तर म्हणे, "लिही, जिवंत राहिलो त मंडई करीन." मी तिथे पाचशे शब्दांचा असा काही इंग्रजी मजकूर लिहिला की तो वाचून मलाच तुमची ओळख पटेना.

तुम्ही तयार झालात ते वेगळ्याच कारणाने. अर्जासोबत बारा गाणी लिहून द्यायची होती. "या निमित्तानं कागदावर येतीन. श्रावणच्या डोक्यात दोनच्या वर तिसरं गाणं राहात नाही." म्हणून तुम्ही सांगायला बसलात आणि मी उतरून घ्यायला. मशीन चालू असल्याशिवाय तुम्हाला ओळी आठवेनात. मी म्हटलं, कापड न घालता नुसतं पायडल मारा. तुम्ही भडकलात. "खाली मशीन मारली का दोरा गुतते, अन् गाणंही." मग बारा गाण्यांत शाळेच्या चड्ड्यांची सगळी ऑर्डर शिवून झाली. माझं मराठी अक्षर तेव्हा तिसरीतल्या मुलीसारखं होतं. तुम्ही मान वाकडी करून वहीत पाहायचात, "हे काय, कोंबडी चालून गेली काय?" आणि खडूने लाकडी फळीवर अक्षर काढून दाखवायचात. मी आज जे मराठी लिहिते त्यातलं निम्मं अक्षर त्या फळीवरचं आहे.

नंतरची शुद्ध प्रत मी घरी बसून केली. अर्जाच्या शेवटी एक अट होती: सोबतच्या रचना संपूर्णपणे अर्जदाराच्याच असाव्यात. मी तुमच्या बारा गाण्यांच्या शेवटच्या ओळी पाहिल्या. बारा वेळा लटारू. मला वाटलं, हे असं गेलं तर ते फेकून देतील. मी बाराही ठिकाणी लटारू काढून तुमचं नाव घातलं. पूर्ण नाव चालीत बसेना म्हणून ‘मंसा’ केलं. ‘म्हणे मंसा.’ तुम्ही स्वतःला असं कधी म्हटलं नसतंत. मला तेव्हा फार समाधान वाटलं. तुमच्यावरचा अन्याय एका संध्याकाळी मी दूर केला होता. सकाळी पाकीट पोस्टात टाकलं.

नागपूरला मुलाखतीचं बोलावणं आलं, तुमच्यासोबत ढोलकी घेऊन श्रावण गेला. परत आल्यावर तुम्ही टोपी खुंटीला लावलीत आणि मशीनवर बसलात. मी पायरीवरून पाहत होते. तुम्ही सुईत दोरा ओवलात आणि म्हणालात, "नाही जमलं बाई. त्यायले पसंत नाही पडलं." एवढंच.

खरं काय झालं ते आठवड्याने श्रावणने सांगितलं. साहेब मधल्या खुर्चीत होते. म्हणाले, गाऊन दाखवा. तुम्ही विजेच्या मोटारीचं गाणं म्हटलंत, शेवटी आलं ‘म्हणे लटारू’. साहेबांनी कागद उचलला. "इथे तर म्हणे मंसा लिहिलं आहे."

"पाहू द्या जी," तुम्ही म्हणालात. श्रावण सांगत होता, काकानं कागद घेतला अन् लई वेळ पाहात राहिला. माझं अक्षर तुम्ही ओळखणार नाही तर कोण? फळीवर तुम्हीच शिकवलेलं.

"गाणं माहं आहे," तुम्ही सांगितलंत. "नाव गुरूचं असते."

"मग कागदावरून गुरूचं नाव कोणी काढलं?"

तुम्ही कागद टेबलावर ठेवलात. मग म्हणालात, "चूक झाली जी."

"याला चूक म्हणत नाहीत, चोरी म्हणतात. लटारूबुवांच्या या गाण्यावर मी स्वतः दोन वर्षं काम केलं आहे."

त्यांनी ज्या माणसाच्या गाण्यावर दोन वर्षं काम केलं तो माणूस डफ घेऊन समोर उभा होता आणि ते त्याला चोर म्हणत होते. शेजारच्या दोन खुर्च्यांवर बसलेले विद्वान मान हलवत होते. त्यातल्या एकाने म्हणे तुमच्यासमोर चहाची बशी सरकवली. तुम्ही घेतली नाहीत.

"कागदावर काकाचं नाव कसं आलं, तेच समजत नाही जी," श्रावण मला म्हणाला. "लिहिताना तुमच्याकडून चुकलं काय?"

मी म्हटलं, "मला नाही आठवत."

हे वाक्य मी बोलले. नागपूरच्या साहेबांबद्दल मी वर जे लिहिलं ते सगळं खरं आहे आणि त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही. पण ते फक्त आळशी आणि मूर्ख होते. मला सगळं माहीत होतं.

मुलाखतीच्या वेळी बाहेरच्या खोलीत आणखी उमेदवार बसले होते, त्यांतल्या लाखनीकडच्या पार्टीच्या एकाने आतलं सगळं ऐकलं होतं. त्या वर्षीच्या मंडईत त्याच पार्टीशी तुमचा सामना लागला. ऊन डोक्यावर होतं, माणसं धानाच्या बांधापर्यंत उभी होती. त्यांच्या शाहिराने डफावर थाप मारली आणि तुमच्याकडे बोट दाखवून म्हटलं,

गुरूचं नाव कातरीनं कापलं,
आपल्या नावाचं ठिगळ लावलं,
सांग रे शिंप्या, हे कोणाच्या मापाचं?

लोक हसले. तुमचं उत्तर ऐकायला सगळे पुढे सरकले. श्रावणने ढोलकी धरून ठेवली होती, ठेका फिरत होता, एकदा, दोनदा, तीनदा. तुम्ही डफ छातीशी धरून उभे होतात. मी बैलबंडीवर बसले होते. तुम्ही एकदा माझ्या दिशेने पाहिलंत का, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलं आहे की आता मला ते आठवत नाही. तुम्हाला उत्तर सुचलं नव्हतं असं मी मानत नाही. तुमच्याजवळ एकच उत्तर होतं आणि त्यात माझं नाव होतं. तुम्ही डफ खाली ठेवलात. मंडईत डफ खाली ठेवणं म्हणजे हरणं, नि तुम्ही तर आरोपासकट हरलात.

दोन वर्षं तुम्ही अजून गेलात, लहान गावांच्या मंडयांना. मग तेही बंद केलंत. मशीन चालायचं, ओठ हलायचे नाहीत. मी पायरीवर बसायची. रोज वाटायचं, आज सांगते. तुम्ही नेहमीसारखं म्हणायचात, "बाई, कातर दे." मी कातर द्यायची. पाच वर्षं मी तुम्हाला फक्त कातर दिली, काका.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी गेले. गिरजाकाकू सूप घेऊन लाखोळीची डाळ पाखडत होत्या. मी दारातच उभी राहून एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी पाखडणं थांबवलं नाही.

"माहीत हाय ना," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला?"

"नागपूरवरून आले त्याच दिवशी सांगतलं त्यायनं. म्हणे पोरीनं मायेनं केलं. म्हणे येडी बह्याड हाय, तिले वाटलं माहं नाव नाही म्हणून माहं काही कमी हाय. कोणाले सांगजो नोको म्हणे, पोरीचं लग्न व्हाचं हाय, लोक नावं ठेवतीन."

मी रडायला लागले. काकूंनी सूप खाली ठेवलं. मला वाटलं जवळ घेतील. त्यांनी घेतलं नाही.

"ते त गप रायले. तू काहून गप रायली?"

"भीती वाटली. सगळे माझ्याकडे पाहतील म्हणून."

"आमच्याकडं पाहात होते ना लोक," काकू म्हणाल्या. "पाच वरीस पाह्यलं. विहिरीवर पाह्यलं, दुकानात पाह्यलं, काल त फोटोले हार घालून पाह्यलं. तुह्याकडं एक दिवस पाह्यलं असतं त काय झालं असतं वं?"



काकू पुन्हा पाखडायला लागल्या. मग म्हणाल्या, पुस्तकात लटारूबुवांचंच नाव राहू दे, गाण्यांत हात घालू नको. "ते त्यायनं घातलं हाय, ते काढाचं नाही. कोणी केलं ते सांग. तेवढं."

म्हणून मी साहेबांना पत्र पाठवलं. प्रस्तावनेचं इंग्रजी मी करणार नाही. ती गाणी मंसारामांची आहेत, शेवटच्या ओळीतला लटारू हा गुरूला केलेला नमस्कार आहे, आणि अर्जावरची नावं मी, माझ्या हाताने, त्यांना न सांगता बदलली. ते काय करतील ते मला आत्ताच दिसतं. प्रबंध खोटा ठरण्यापेक्षा माझं पत्र फाइलीत जाणं सोपं आहे. पुस्तक निघेल, त्याला अनुदान मिळेल, वीज येण्याआधी वीज पाहणाऱ्या कवीवर कोणीतरी भाषण करेल. या लोकांना तुम्ही जिवंतपणी नको होतात आणि मेल्यावर वाहक म्हणून चालता. त्यांच्या कागदावर तुम्ही निर्दोष ठरावंत ही आशा मी सोडली आहे. खरं सांगायचं तर त्यांच्याकडून काही मिळवावं असं वाटणं, हीच माझी पहिली चूक होती. तुम्ही तर मशीनवर मजेत होतात.

पण तुम्ही हरलात ते मंडईत, आणि तिथलं पत्राने भरून निघणार नाही.

उद्या आसगावची मंडई आहे. हे छापून येईल तेव्हा ती होऊन गेलेली असेल. लाखनीकडची तीच पार्टी येणार आहे. श्रावण तुमचा डफ घेऊन उभा राहणार आहे. त्यालाही मी सगळं सांगितलं आहे. गाणं सुरू होण्याआधी तो थांबेल, आणि मी पुढे जाऊन सांगायचं असं ठरलं आहे. किती वाक्यं, ते मी मोजून पाठ केलं आहे, पण मला माहीत आहे की तिथे गेल्यावर ती मला आठवणार नाहीत. मी आजवर चार माणसांसमोरसुद्धा बोललेले नाही. बाबा म्हणाले, "घरात सांगितलंस ना, पुरे झालं, मंडईत कायले?"  पण आता मी गप्प बसणार नाही आहे.

 शेवटी मी काकूंना जाऊन विचारलं, मला तिथे बोलताच आलं नाही तर? काकू ओटा सारवत होत्या. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"मी पुढं बसतो," म्हणाल्या. "तू फक्त मोठ्यानं बोलजो. बांधावरच्यायले आयकू गेलं पायजे."